पाणीटंचाईच्या मराठवाड्यात हायड्रोजनवर संशोधन: विषय कोणता धरावा?

प्रश्न: मांजराकाठ (लातूर जिल्हा)

सर्वांना नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि विद्यापीठाचा मान्यताप्राप्त पीएच.डी. मार्गदर्शक आहे. या वर्षी माझ्याकडे एक विद्यार्थिनी संशोधनासाठी येत आहे. नेट परीक्षेतून तिला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली असून हायड्रोजन आणि फ्युएल सेल (हायड्रोजनपासून थेट वीज तयार करणारे साधन) याच क्षेत्रात काम करायचे, असे तिने ठरवले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली, तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक परिषदेच्या पत्रिकेवर हा विषय असतो, त्यामुळे तिची निवड मला अनपेक्षित वाटली नाही.

विभागात हे बोलून दाखवले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, की ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे बसून तुम्ही पाणी फोडून इंधन काढण्याचा अभ्यास करणार का? प्रश्न खोचक होता, पण हसून सोडून देण्यासारखा नव्हता. मुलीचे वडील कोरडवाहू शेतकरी आहेत. त्यांनीही मला जवळपास हेच विचारले, फक्त शब्द अधिक नम्र होते.

आमच्या प्रयोगशाळेत एक चांगला पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडवरचा विद्युतदाब व प्रवाह काटेकोर राखणारे आणि मोजणारे यंत्र), मफल भट्टी, साधी अतिनील वर्णपटमापी आणि विद्युतवाहकता मोजण्याचे यंत्र आहे. क्ष-किरण विवर्तन किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुने विद्यापीठात पाठवावे लागतात आणि पाळी येईपर्यंत थांबावे लागते. प्लॅटिनम, इरिडियम असल्या धातूंचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे थेट विघटन करणारा उत्प्रेरक, असा विषय माझ्या मनात आहे, कारण तो आपल्या भागाला लागू पडेल असे वाटते.

पाण्याचा आक्षेप हिशोबात कितपत टिकतो, सरकारच्या निधीत आमच्यासारख्या महाविद्यालयाला खरोखर जागा आहे का, आणि मी योजलेला विषय योग्य आहे का, याविषयी जाणकारांनी स्पष्टपणे लिहावे. विषय चुकीचा असेल तर आत्ताच कळलेले बरे. पुढची पाच वर्षे त्या मुलीची जाणार आहेत.

---

उत्तर १: गोदाकाठची (मूळ नांदेड, सध्या पुणे)

सर, नमस्कार. एका सरकारी प्रयोगशाळेत मी काही वर्षे फ्युएल सेलवर काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. उत्तर लांबणार आहे.

प्रथम पाणी. रासायनिक समीकरणाप्रमाणे १ किलो हायड्रोजनसाठी ९ लिटर पाणी लागते. शुद्धीकरणात वाया जाणारे आणि यंत्र थंड ठेवण्यासाठी लागणारे पाणी धरले की हा आकडा साधारण २० ते ३० लिटरपर्यंत जातो. अभियानाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभारण्याचे आहे. किलोमागे २० लिटर धरले तर संपूर्ण देशाच्या या उद्दिष्टाला वर्षाला सुमारे साडेतीन टीएमसी पाणी लागेल, आणि आपल्या एकट्या जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी आहे. शेजारी उसाचाही हिशोब मांडून पाहावा. मोकाट पाणी दिलेल्या एक हेक्टर उसाला दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागते, आणि दोन कोटी लिटरमध्ये १,००० टन हायड्रोजन निघतो. आपल्या सहकाऱ्यांचा प्रश्न भावनेच्या दृष्टीने रास्त आहे, परंतु आकड्यांत तो उसापुढे टिकत नाही.

खरी अडचण विजेची आहे. १ किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते आणि तो काढायला इलेक्ट्रोलायझरला (विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राला) ५० ते ५५ युनिट वीज द्यावी लागते. वीज पाच रुपये युनिट मिळाली तर ५२ युनिटांचे २६० रुपये झाले. अडीच रुपयांनी मिळाली तर १३०. यंत्राची किंमत, दाब देणे आणि वाहतूक यांचा खर्च त्यावर वेगळा. पुढे तोच हायड्रोजन फ्युएल सेलमध्ये घातला की निम्म्याच्या आसपास ऊर्जा पुन्हा विजेच्या रूपात हाती येते, म्हणजे ५२ युनिट टाकून सतरा-अठरा युनिट परत. ज्या ठिकाणी तारेने किंवा बॅटरीने काम भागते तिथे हायड्रोजन आणू नये, हे मी या क्षेत्रात राहून सांगते. दुचाकी, घरातला इन्व्हर्टर, शेतीचा पंप यांच्यासाठी त्याचा विचार करण्याची गरज नाही. खतासाठी अमोनिया, तेलशुद्धीकरण, लोखंडाच्या खनिजातून ऑक्सिजन काढणे, आणि बॅटरीचे वजन परवडत नाही अशी काही वाहने व जहाजे, ही त्याची क्षेत्रे आहेत.

आपल्याकडे फ्युएल सेलचे काम झालेलेच नाही असा समज असतो, तो बरोबर नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सीएसआयआर (केंद्राची संशोधन परिषद) आणि केपीआयटी ही कंपनी यांनी फ्युएल सेलवरील मोटारीची चाचणी घेतली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच सहकार्यातून तयार झालेली बस पुण्यात दाखवण्यात आली. अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीला पृष्ठभागावर न येता अधिक काळ पाण्याखाली राहता यावे यासाठी फॉस्फोरिक आम्लाच्या फ्युएल सेलवर आधारित यंत्रणा विकसित केली आणि मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवरील चाचणी यशस्वी झाली. इस्रोने जानेवारी २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी५८ च्या अखेरच्या टप्प्यावर एक लहान फ्युएल सेल अवकाशात चालवून पाहिला.

आता पैसा. अभियानाची एकूण तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आहे. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझरचे कारखाने आणि हायड्रोजनचे उत्पादन यांच्या प्रोत्साहनासाठी, १,४६६ कोटी प्रायोगिक प्रकल्पांसाठी, आणि संशोधनासाठी ४०० कोटी, म्हणजे शेकड्याला दोन रुपये. हे प्रमाण मला कमी वाटते, परंतु ते बाजूला ठेवू. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधन आराखड्यात पाच वर्षांत फळ देणारी कामे, आठ वर्षांपर्यंतची कामे आणि पंधरा वर्षांपर्यंतची मूलभूत कामे अशी विभागणी आहे. पहिल्या गटात उद्योगाशिवाय प्रवेश कठीण असतो. एकट्या महाविद्यालयाने तिथे अर्ज करण्यापेक्षा एखाद्या मोठ्या संस्थेच्या प्रस्तावात छोटा, पण नेमका वाटा उचलावा. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने देशात चार ठिकाणी हायड्रोजन व्हॅली योजल्या असून पुण्यातील व्हॅलीचे नेतृत्व राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे आहे. संपर्काची सुरुवात तिथून करता येईल. जुन्या एसईआरबीची (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची) जागा घेतलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या एका योजनेत नामांकित संस्थेभोवती इतर विद्यापीठांना जोडून घेण्याची सोय आहे, तीही विद्यापीठात विचारून पाहावी. विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपयांची असल्यामुळे तिचे वेतन आपल्याला प्रकल्पातून शोधावे लागणार नाही. प्रस्ताव लिहिताना ही फार मोठी सोय असते.

विषयाबद्दल मात्र माझा स्पष्ट नकार आहे. क्षारयुक्त पाण्याच्या थेट विघटनावर पुष्कळ शोधनिबंध निघतात, परंतु त्यामागचा हिशोब कच्चा आहे. मचूळ पाणी आरओने शुद्ध करायला हजार लिटरमागे एक-दोन युनिट वीज लागते. त्या दराने २० लिटरला युनिटचे जेमतेम दोन-चार शतांश लागले, आणि पुढे विघटनाला ५२ युनिट. जे पाणी इतक्या स्वस्तात शुद्ध होते ते अशुद्धच वापरण्याच्या हट्टापायी इलेक्ट्रोड क्लोराइडने खाऊ द्यायचे आणि ऋणाग्रावर (हायड्रोजन सुटतो त्या इलेक्ट्रोडवर) कॅल्शियम-मॅग्नेशियमची पुटे चढू द्यायची, हा सौदा कोणता कारखानदार करील?

त्याऐवजी वीज येते-जाते तेव्हा निकेलच्या इलेक्ट्रोडचे काय होते, हे पाहावे. अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझरला प्लॅटिनम वा इरिडियम लागत नाही. निकेल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण यांवर तो चालतो. सतत वीज असेल तर तो वर्षानुवर्षे टिकतो. सौर विजेवर तो रोज संध्याकाळी थांबतो, ढग आला की मंदावतो, आणि थांबताक्षणी आतल्या आत उलटा प्रवाह वाहून ऋणाग्राचे ऑक्सिडीकरण होऊ लागते. शेतीच्या फीडरवर वाढलेल्या मुलीला वीज जाणे म्हणजे काय हे शिकवावे लागणार नाही. एक पोटेन्शिओस्टॅट, निकेलची जाळी आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर या विषयाची सुरुवात होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. प्रतिइलेक्ट्रोड (नमुन्यासमोरचा दुसरा इलेक्ट्रोड) म्हणून प्लॅटिनमची तार वापरू नये. ती द्रावणात किंचित विरघळून आपल्या नमुन्यावर बसते आणि मग साधा निकेलसुद्धा अचाट कामगिरी दाखवतो. तसेच बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये लोहाचा अंश असतो, आणि तो लोहच धनाग्रावरील निकेलची क्रियाशीलता कित्येक पटींनी वाढवतो. याची कल्पना नसल्यामुळे ‘नवा उत्प्रेरक’ म्हणून लोहाचेच गुणगान झाल्याची उदाहरणे आहेत. द्रावण आधी लोहमुक्त करावे किंवा त्यात लोह किती आहे हे प्रामाणिकपणे लिहावे.

---

उत्तर २: निवृत्त अभियंता (अंबाजोगाई)

प्राध्यापक महोदय, ताईंनी उत्तम लिहिले आहे. मी औष्णिक वीज केंद्रात नोकरी केली. हायड्रोजन ही आमच्याकडे रोजच्या वापरातली वस्तू होती, म्हणून थोडी भर घालतो.

२१० मेगावॉटच्या संचाचे जनरेटर आतून हायड्रोजनने थंड ठेवलेले असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या वायूची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या सुमारे सातपट आणि घनता हवेच्या चौदाव्या हिश्श्याइतकी, त्यामुळे फिरणाऱ्या रोटरला अडथळाही कमी होतो. आम्ही त्याची शुद्धता ९८ टक्क्यांच्या आसपास राखत असू. हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या मोठ्या पल्ल्यात तो पेट घेऊ शकतो, म्हणून जनरेटर भरताना आधी हवा कार्बन डायऑक्साइडने बाहेर काढायची आणि मग कार्बन डायऑक्साइडच्या जागी हायड्रोजन सोडायचा. रिकामा करताना हाच क्रम उलटा. हवा आणि हायड्रोजन यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढा एक नियम पाळून आमच्या पिढीने नोकरी काढली.

पाण्याबाबत मात्र एक दुरुस्ती सुचवतो. आपला हिशोब वर्षाच्या सरासरीचा आहे, आणि आमच्या भागात पाणी सरासरीने येत नाही. पाण्याअभावी परळीचे संच २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले होते, ते धरणाच्या कागदावरच्या क्षमतेमुळे नव्हे, तर त्या वर्षी पाणीच नव्हते म्हणून. प्रकल्प कुठेही होवो, मे महिन्यात त्याचे पाणी कोणाच्या वाट्यातून येणार, हे आधी लिहून ठेवलेले असले पाहिजे.

आणखी एक हिशोब या चर्चेत राहून गेला. कुलिंग टॉवर असलेल्या जुन्या कोळसा केंद्रांसाठी पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये ठरवलेली पाण्याची मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटर आहे. म्हणजे कोळशाची वीज वापरून हायड्रोजन काढला तर त्या ५२ युनिटांसाठीच १८० लिटरच्या वर पाणी वीज केंद्रात खर्ची पडते. इलेक्ट्रोलायझरचे २० लिटर त्यापुढे किरकोळ. कार्बनचेही तसेच आहे. देशाच्या ग्रिडमधील युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर किलोभर हायड्रोजनमागे ३६ किलोंहून अधिक होतो. नैसर्गिक वायूपासून काढलेल्या हायड्रोजनला ९-१० किलो पुरतात, आणि सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलेल्या व्याख्येनुसार ‘हरित’ म्हणवण्याची मर्यादा २ किलो आहे. त्यामुळे ‘पाणी किती’ असे कोणी विचारले, तर आधी ‘वीज कुठली’ असे विचारावे.

विषय निवडीबाबत ताईंशी सहमत आहे. थांबण्या-चालण्याने यंत्र जितके झिजते तितके अखंड चालून झिजत नाही, हे टर्बाइनचेही आहे आणि बॉयलरचेही. शेवटचे विचारतो, सर: आपल्या प्रयोगशाळेला छताजवळ झरोका आहे का? हा वायू वर जातो आणि छताखाली साचतो. खालच्या खिडक्या उघड्या ठेवून उपयोग नाही.

---

उत्तर ३: भट्टी-जालना

विषय थोडा आमच्या बाजूला ओढतो, त्याबद्दल क्षमस्व. आमची जालन्यात छोटी फर्नेस आणि रोलिंग मिल आहे. भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजातला ऑक्सिजन काढून केलेले सच्छिद्र लोखंड) वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांबट ठोकळे, ओततो आणि त्याची सळई करतो. मध्यंतरी एका बैठकीत एका सल्लागाराने आम्हाला सांगितले की, पुढच्या काही वर्षांत जालन्याचे पोलाद हायड्रोजनवर जाईल आणि त्यासाठी सरकारी पैसा तयार आहे. आमची भट्टी मुळात विजेवर चालते. त्यात हायड्रोजन नेमका कुठे घालायचा, हे मात्र त्या गृहस्थांनी सांगितले नाही. ताईंनी दोन ओळी लिहाव्यात.

---

उत्तर ४: बालाघाट (धाराशिव)

मी वैज्ञानिक नाही, शेती करतो आणि वाचतो. माझा आक्षेप पाण्याचा नाही, विश्वासाचा आहे.

२००६ मध्येही सरकारने हायड्रोजनचा राष्ट्रीय आराखडा काढला होता आणि त्यात २०२० पर्यंत हायड्रोजनवर धावणारी १० लाख वाहने रस्त्यावर असतील असे उद्दिष्ट होते. त्यातले एकही वाहन आमच्या रस्त्यावर दिसले नाही. आता २०३० चे आकडे सांगितले जात आहेत, आणि राज्याने २०२३ मध्ये वेगळे धोरण करून त्याला ८,५६२ कोटींची जोड दिली आहे.

ताईंनी दिलेल्या आकड्यांवरूनच मी पुढचे गणित केले. एक हेक्टर उसाच्या पाण्यात १,००० टन हायड्रोजन, हे मान्य. पण त्याला सव्वापाच कोटी युनिट वीज लागेल. सौर प्रकल्पाच्या एका मेगावॉटमागे वर्षाला सोळा लाख युनिट आणि चार एकर जमीन धरली, तर बत्तीस-तेहतीस मेगावॉट, म्हणजे सुमारे १३० एकर. पाणी अडीच एकरांचे आणि जमीन १३० एकरांची. ही जमीन माळरान म्हणून नोंदलेली असेल, पण आमच्याकडे माळरानावर शेळ्या चरतात. डोंगरावर पवनचक्क्या आल्या तेव्हा रस्ता झाला, थोड्यांना पहारेकऱ्याची नोकरी मिळाली आणि वीज वर निघून गेली. हायड्रोजनच्या बाबतीत यापेक्षा वेगळे काय होणार आहे, हे संशोधनाच्या प्रस्तावात कोणी लिहीत नाही.

आणखी एक विचारायचे होते. पऱ्हाटी आणि तुराट्या आम्ही चुलीत घालतो किंवा बांधावर पेटवतो. त्यांच्यापासून हायड्रोजन निघत असेल तर सोलरसाठी जमीन कशाला हवी?

---

गोदाकाठची

आधी जालन्याच्या दादांना. तुमच्या भट्टीत हायड्रोजनला काम नाही, कारण भंगारातला ऑक्सिजन आधीच कुणीतरी काढून ठेवलेला आहे. हायड्रोजनचे काम तुम्ही विकत घेता त्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात आहे. आज तिथे कोळसा खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. ते काम हायड्रोजनने केले तर समीकरणाप्रमाणे टनभर लोखंडामागे ५४ किलो हायड्रोजन लागतो आणि धुराऐवजी वाफ निघते. ५४ किलो म्हणजे जवळजवळ २,८०० युनिट वीज, यावरून खर्चाचा अंदाज यावा. पोलादातील अशा प्रायोगिक प्रकल्पांसाठी अभियानात ४५५ कोटी आहेत, पण ते मुख्यतः खनिजापासून लोखंड काढणाऱ्यांच्या उपयोगाचे. बिलेट थंड न होऊ देता थेट मिलमध्ये घेण्याची सोय तुमच्याकडे नसेल, तर आधी ती करा. पुन्हा तापवण्याचे इंधनच वाचेल आणि सल्लागाराचे शुल्कही.

बालाघाटच्या दादांचा २००६ चा आक्षेप मी मान्य करते. ते उद्दिष्ट फसले, आणि का फसले याचा हिशोब कोणी जाहीरपणे मांडला नाही. तरी त्या काळात प्रयोगशाळांना जो थोडा थोडा पैसा मिळत गेला, त्यातून चेन्नई, कराईकुडी आणि पुणे येथे फ्युएल सेलचे पटल (आतला पातळ पडदा), इलेक्ट्रोड आणि त्यांची जोडणी स्वतःच्या हाताने करू शकणारी माणसे तयार झाली. पुण्याची बस अशाच माणसांनी उभी केली. वाहनांचे आकडे जाहीर करणारे आणि पटल ओतणारे वेगळे असतात. माझी बाजू पटल ओतणाऱ्यांची आहे. जमिनीच्या गणितात मला चूक सापडली नाही. वीज कुठून येणार हा प्रश्न जमिनीचाच आहे, आणि त्याला प्रयोगशाळेत उत्तर नाही.

पऱ्हाटीबद्दल: हायड्रोजन निघतो, आणि आपल्या भागासाठी तो विचार करण्याजोगा मार्ग आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ऑक्सिजन आणि वाफेच्या साहाय्याने बायोमासचे वायूकरण करून किलोमागे सुमारे १०० ग्रॅम हायड्रोजन मिळवला आहे. अडचण पुढे येते. निघणारा वायू मिश्र असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि ८० अंश सेल्सिअसच्या आसपास चालणाऱ्या फ्युएल सेलच्या प्लॅटिनमला त्याचे दशलक्षात दहा कण एवढे प्रमाणही बाधते. त्यामुळे हा हायड्रोजन नीट शुद्ध करावा लागतो, किंवा ७०० अंशांच्या वर चालणारा, मोनॉक्साइड पचवणारा सॉलिड ऑक्साइड प्रकार वापरावा लागतो. शिवाय पऱ्हाटी गोळा करून, तुकडे करून आणायची मजुरी ज्याने दिली आहे त्यालाच माहीत! सरांच्या विद्यार्थिनीसाठी मात्र हा विषय मी सुचवणार नाही, कारण वायूकरणाचे यंत्र महाविद्यालयात उभे करता येत नाही आणि त्याशिवायचे काम कागदावरचे होईल.

इंजिनिअर साहेबांची मे महिन्याची दुरुस्ती मला मान्य आहे. कोळशाच्या विजेतले पाणी माझ्या लक्षातच आले नव्हते.

---

मांजराकाठ (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्षारयुक्त पाण्याचा विषय मी सोडून दिला आहे. सोडताना वाईट वाटले, कारण तो आपल्या मातीतला वाटत होता. पण ताईंचा आरओचा हिशोब मी फळ्यावर स्वतः करून पाहिला आणि त्यात वाद घालण्यासारखे काही उरले नाही. हा धागा छापून मी ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उसाच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि काही न बोलता परत दिला. त्यांचा स्वतःचा तीन एकर ऊस आहे.

विद्यार्थिनीशी बोलून प्रस्तावाचा मसुदा असा ठरला आहे: निकेलच्या जाळीवर सौर विजेसारखा चढ-उतार होणारा आणि मध्येच खंडित होणारा प्रवाह देऊन ऋणाग्राचा ऱ्हास मोजणे, थांबण्याच्या काळात थोडासा संरक्षक विद्युतदाब राखल्यास तो किती कमी होतो ते पाहणे, आणि द्रावणातील लोहाचे प्रमाण प्रत्येक टप्प्यावर नोंदवणे. प्रतिइलेक्ट्रोड निकेलचाच राहील. चाचणी बहुतेक निबंधांप्रमाणे चौरस सेंटीमीटरला १० मिलीअँपिअरवर न थांबवता निदान २०० पर्यंत न्यायची, कारण कारखान्यातली यंत्रे त्या पट्ट्यात चालतात, असे वाचनात आले. चढ-उताराचा नमुना मनाने रचायची गरज नाही. महाविद्यालयाच्या छतावर सौर पॅनेल आहेत आणि त्यांच्या इन्व्हर्टरमध्ये गेल्या दोन वर्षांच्या नोंदी तशाच पडून आहेत. त्यात जुलैतले ढगही आहेत आणि मार्चमधली गारपीटही.

इंजिनिअर साहेब, आपला प्रश्न वाचून मी प्रयोगशाळेत जाऊन वर पाहिले. झरोका होता, पाच वर्षांपूर्वी वातानुकूलन यंत्र बसवताना तो विटांनी बुजवलेला आहे. तो पुन्हा उघडण्याचा अर्ज आज प्राचार्यांकडे दिला.

ताई, एक अडचण उरते. आमच्याकडे एकच पोटेन्शिओस्टॅट आहे, आणि एक नमुना ५०० तास चालवायचा म्हटले तर तो तीन आठवडे अडकून पडतो, तेवढ्यात एम.एस्सी.ची प्रात्यक्षिके थांबतील. साध्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या डीसी वीजपुरवठ्यावर दीर्घ चाचणी चालवून, मधल्या मोजण्यांपुरताच पोटेन्शिओस्टॅट जोडला, तर परीक्षक ते मान्य करतात का?

---

गोदाकाठची

करतात. आम्हीही तसेच करत होतो. फक्त वीजपुरवठ्याचा प्रवाह एका स्वतंत्र प्रमाणित शंटवर (प्रवाह मोजण्यासाठीच्या ठरावीक रोधावर) मोजून त्याची नोंद ठेवा, आणि महाविद्यालयाची वीज गेली तर ती वेळ नोंदवहीत लिहायला विसरू नका. आपण ठरवून दिलेला खंड आणि महावितरणने दिलेला खंड निष्कर्षात मिसळता कामा नये. मसुदा तयार झाला की खाजगी संदेशाने पाठवा, वाचून देते.